भांड्याला लावलेला मैदा

रविवारची उपासना संपली की सगळी मंडळी चर्चमागच्या सभागृहात चहाला जमत, आणि त्या चहाच्या टेबलावर गेली बावीस वर्षं एकाच बाईचं राज्य होतं. तिला सगळे केकमावशी म्हणत. पाळकसाहेबांचा उपदेश कधी रंगे, कधी लांबे. पण मावशींचा केक बावीस वर्षांत एकदाही बसला नव्हता. टेबलापासून कोणी रिकाम्या हाताने जायचं नाही, हा त्यांचा कायदा. जो ‘नको’ म्हणेल त्याच्या हातावर त्या मुद्दाम दोन तुकडे ठेवत आणि तो ते संपवेपर्यंत समोरून हलत नसत.

अशा बाईच्या घरी सून आली, ती गव्हाचा कणही न खाणारी!

सूनबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करी आणि चर्चच्या गायनवृंदात गाई. तिचा आवाज लागला की मागच्या बाकावरची डुलक्या घेणारी मंडळीसुद्धा सरळ होऊन बसत. पण चहाची वेळ झाली की ती खिडकीपाशी जाई, पिशवीतून छोटा स्टीलचा डबा काढी आणि त्यातलं केळं नि चार शेंगदाणे खाई. सहा महिने हे असं चाललं होतं. मावशींना तो डबा डोळ्यांत सलत असे.

त्यात चर्चच्या सेक्रेटरीबाई एकदा म्हणाल्याच, “मावशी, अख्खं चर्च तुमच्या हातचं खातं आणि घरची सून डब्यातलं! काही बिनसलंय का हो?”

मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येताच त्यांनी विषय काढला.

“थोडंसं खाल्लंस तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“आई, ही माझी आवडनिवड नाही, आजार आहे,” सूनबाई शांतपणे म्हणाली. “सिलिएक म्हणतात त्याला. गहू, मैदा, रवा, जव यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की माझं शरीर माझ्याच आतड्यावर उलटतं. थोडं गेलं तरी तेच आणि जास्त गेलं तरी तेच.”

“आमच्या सात पिढ्या गहू खाऊन जगल्या. कोणाचं आतडं उलटलं नाही!”

“उलटलं असेल, आई. कशाने ते कळलं नसेल.”

मावशी भांडी जोरात घासू लागल्या. चर्चचा पन्नासावा वर्धापनदिन महिन्यावर आला होता. त्या दिवशी मुख्य गीत सूनबाई एकटी गाणार होती. सारं गाव कौतुक करणार, आणि नंतर ही पुन्हा खिडकीपाशी डबा उघडणार! मावशींनी मनाशी पक्कं ठरवलं की हा डबा त्याआधी बंद झालाच पाहिजे.

त्यांनी तांदळाच्या पिठाचं नवं पाकीट आणलं. बेकिंग पावडरीत काय काय आहे ते चष्मा लावून वाचलं. अंडी, लोणी, साखर, संत्र्याचा रस. दोनदा केक बिघडला, तिसऱ्यांदा असा फुलला की मावशी स्वतःशीच म्हणाल्या, “म्हातारे, अजून हात शाबूत आहेत तुझे!”

रविवारी त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, “आजचा केक माझ्या सुनेसाठी. यात गव्हाचा कण नाही!”

सूनबाईचे डोळे भरून आले. तिने हळूच एकदाच विचारलं, “आई, कुठेच नाही ना?”

“पाळकसाहेबांसमोर सांगते, कुठेच नाही!”

सासूच्या शब्दावर तिने दोन तुकडे खाल्ले. सभागृहात टाळ्या पडल्या आणि मावशींना आकाश ठेंगणं झालं.

संध्याकाळी सूनबाईला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून ती तीन दिवस अंथरुणात होती. मावशी पहिल्या दिवशी घाबरल्या, दुसऱ्या दिवशी गोंधळल्या, आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीबाईंचा फोन आला: “तांदळाचा केक खाऊनही आजारी? मग दुखणं पोटात नाही मावशी, डोक्यात आहे!” ते मावशींना पटलं. नुसतं पटलं नाही, तर त्यांनी ते दारात उभ्या असलेल्या मुलाला ऐकवलंही. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं.

चौथ्या दिवशी सूनबाई उठली. तोंड उतरलेलं, पण आवाज स्थिर.

“आई, मी गायनवृंद सोडतेय. वर्धापनदिनालाही येणार नाही. तुमच्या हातचं खाल्लं तर मी आजारी पडते, नाही खाल्लं तर तुमचा अपमान होतो. मी तिथे नसले तर दोन्ही प्रश्न सुटतील.”

एवढं बोलून ती कामावर निघून गेली. मावशी जिंकल्या होत्या, पण त्यांना घर खायला उठलं. दुपारचं ताट त्यांनी तसंच झाकून ठेवलं.

त्याच दुपारी घड्याळजी आले. वय अठ्ठ्याहत्तर, तरी हात असे की सुईएवढा स्क्रू पहिल्या फटक्यात बसवतील. मावशींचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून ते द्यायला आले होते. ते मावशींहून बरेच मोठे, पण साऱ्या चर्चप्रमाणे तेही त्यांना मावशीच म्हणत.

“काका, काय झालं होतं हो याला?”

“कण गेला होता एक. डोळ्याला दिसतही नव्हता.”

“एका कणाने एवढं मोठं घड्याळ बंद पडतं?”

“मावशी, कण केवढा ते विचारू नये. तो कुठे अडकला ते विचारावं.”

मावशी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं: केक, उलट्या, फोन, सुनेचा निर्णय. “तांदळाचाच केक होता हो! मग ही आजारी पडली कशी? सांगा ना, नाटक नाही तर काय?”

घड्याळजींनी चष्मा पुसला. “माझ्याकडे गिऱ्हाईक येऊन म्हणतं, घड्याळ बंद पडलंय. मी त्याला कधी म्हणत नाही की तुमचं घड्याळ ढोंग करतंय. मी ते उघडून बघतो. केक कसा केलात, तो मला करून दाखवा.”

“आत्ता?”

“आत्ताच. एकही पायरी गाळू नका.”

मावशी पदर खोचून उठल्या. तांदळाचं पीठ मोजलं, अंडी फेटली, लोणी-साखर एकजीव केली. घड्याळजी स्टुलावर बसून एकटक बघत होते. मग मावशींनी केकचं भांडं काढलं, बोटाने आतून लोणी फिरवलं, आणि बोलता बोलता त्यांचा हात फळीवरच्या बरणीत गेला. मूठभर पीठ भांड्यात भुरभुरलं, भांडं गोल फिरवून तळहातावर टपटप आपटलं.

“हे काय टाकलंत?”

“हे होय? हे केकमध्ये नाही हो, हे भांड्याला. केक चिकटू नये म्हणून मैदा...”

मावशींचा हात हवेतच राहिला.

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं हा हात लोण्यानंतर त्या बरणीत जात होता, आणि त्यांनी कधी तो मैदा जिन्नसांत धरलाच नव्हता! काखेत कळसा नि गावाला वळसा! पोरीने विचारलं होतं, ‘कुठेच नाही ना?’ आणि आपण पाळकसाहेबांची साक्ष काढून तिला मैदा चारला!

“काका,” त्या खाली बसत म्हणाल्या, “मी तिला खोटारडी म्हटलं हो. माझ्या चुकीने ती तळमळत होती आणि मी तिलाच...” त्या ओक्साबोक्शी रडल्या.

घड्याळजींनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाले, “चूक सापडली म्हणजे अर्धी दुरुस्ती झाली. उरलेली अर्धी तुमच्या तोंडून व्हायला हवी.”

सूनबाई घरी आली तेव्हा मावशी दारातच उभ्या होत्या, हातात ते पिठाळलेलं भांडं.

“पोरी, मला माफ कर. तू खरं बोलत होतीस. मैदा इथे होता.”

सूनबाईने भांड्याकडे पाहिलं, मग सासूकडे. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “आई, मला केक नकोच होता. मला फक्त तुमचा विश्वास हवा होता. आधी विचारलं असतंत तर मी शेजारी उभी राहून सांगितलं असतं.”

“मग आता सांग. मी शिकते.”

दुसऱ्या दिवशी ओट्याशी दोघी उभ्या राहिल्या. नवं भांडं, नवी चाळणी, वेगळी सुरी, भांड्याच्या तळाशी कागद. आणि पदार्थ तरी किती सोपे! शेंगदाण्याचं कूट, साखर आणि अंडं, की झाली बिस्किटं. खोबरं, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक, की झाले नारळाचे गोळे. खजूर आणि बदाम वाटून लाटले की ओव्हनसुद्धा नको. मावशी चाट पडल्या. “अगं, यात तर माझ्या केकाइतकीही मेहनत नाही! मग मी अडून कशावर बसले होते?”

“मैद्यावर,” सूनबाई म्हणाली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा दोघी एकदमच हसल्या.

वर्धापनदिनाच्या तयारीच्या बैठकीत मावशींनी सांगून टाकलं की यंदा अख्खं टेबल बिनगव्हाचं असेल.

“एकीसाठी दीडशे माणसांनी का म्हणून?” सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

“खोबरं, खजूर खाऊन दीडशेंचं काय बिघडणार आहे? गहू खाऊन एकीचं काय बिघडतं ते मी तीन दिवस डोळ्यांनी बघितलंय. आणि बाई, दुखणं डोक्यात होतं हे तुमचं खरंच. पण ते माझ्या डोक्यात होतं!”

बैठकीत हशा पिकला आणि ठराव मंजूर झाला.

वर्धापनदिनी सूनबाई अशी गायली की घड्याळजींनीसुद्धा वेळ पाहायचं सोडून डोळे मिटले. नंतर सभागृहात टेबल सजलं होतं. प्रत्येक ताटापुढे चिठ्ठी होती, तिच्यावर एकूण एक जिन्नस लिहिलेला. मंडळी तुटून पडली.

इतक्यात दारात सुतारकाका दिसले. उपासना संपली की नऊ वर्षं हा माणूस कोणाशी न बोलता घरी जाई. सगळे त्याला माणूसघाणा म्हणत. ते टेबलापाशी आले, एकेक चिठ्ठी वाचू लागले, आणि त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, “मावशी, भांडंसुद्धा?”

“भांडं नवं, सुरी नवी आणि माझी अक्कलही नवी! का हो काका?”

“मलाही तोच आजार आहे. दर रविवारी तुम्ही आग्रह करायचात. समजावून सांगायचा कंटाळा आला, म्हणून थांबणंच सोडलं.” त्यांनी नारळाचा गोळा तोंडात टाकला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

नऊ वर्षं! आपल्याच आग्रहाने एक माणूस नऊ वर्षं या दारातून परत जात होता! मावशींनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, आणि तेवढ्यात सेक्रेटरीबाई चहाचा कप घेऊन आल्या. “बसा काका,” त्या ओशाळून म्हणाल्या, “तुम्हाला साखर किती ते आम्हाला अजून माहीतच नाही.”

वाचकहो, आग्रह करणं सोपं असतं, कारण त्यात फक्त आपलाच हात चालतो. विचारायला कान लागतो आणि ऐकलेलं खरं मानायला मोठं मन लागतं. आपल्या घरी, आपल्या सभेत, आपल्या पंगतीत कोणी ‘मला चालत नाही’ म्हणालं, तर त्याच्या हातावर दोन तुकडे ठेवू नका. त्याच्याजवळ बसा आणि ‘तुम्हाला काय चालतं?’ असं विचारा. मग तेच सगळ्यांसाठी करा.

त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर मावशींनी खिडकीकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. सूनबाई टेबलाच्या मधोमध उभी होती, सुतारकाकांशी बोलत, हातात तिसरं बिस्किट.

“अगं, डबा कुठे विसरलीस?” मावशींनी विचारलं.

“विसरले नाही, आई. आज आणलाच नाही.”