रानबडीशेप

"कोलोमा, अगं मातेउला दवाखान्यात नेलंय!" शेजारच्या मातेउची बहीण अंगणातून ओरडली. "पोटात असं दुखायला लागलं की भिंत धरून बसला. काल तुझी बाटली उघडली होती त्याने. दोन पेले घेतले, बस्स."

कोलोमा दारू मुरवायच्या बरणीकडे धावली.

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावरही दर मे महिन्यात ती डोंगरउतारावर जायची. रोजमेरी, लिंबाची पानं, रानबडीशेप खुडून आणायची आणि दारूत महिनोन्‌महिने मुरवायची. सोयेर गावातल्या तिच्या गल्लीत जेवणं उरकली की तिचीच हिरवी बाटली निघायची. यंदा मात्र पानं तिला नुसती धुक्यासारखी दिसली होती. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला पुन्हा डोंगरावर कोण जाऊ देणार? आणि ओढ्याकाठी रानबडीशेपेसारखंच दिसणारं एक विषारी झुडूप उगवतं.

तिने बरणीतल्या काड्या उपसून नाकाशी धरल्या. सगळ्यांना दारूचाच वास. मग उरलेली एक बाटली पिशवीत घालून तिने तडक दवाखाना गाठला.

"डॉक्टर, ही तपासा, मातेउ काल यातलीच प्यायला," ती एका दमात म्हणाली. "यात मी चुकून विष घातलं असेल. मला हल्ली नीट दिसत नाही."

तरुण डॉक्टरीण म्हणाली, "आजी, त्यांच्या पित्ताशयात खडा आहे. चांगला ऑलिव्हएवढा. बाटलीचा काही संबंध नाही."

कोलोमाने बाटली परत पिशवीत घातली आणि ती खुर्चीत बसली. तिचे डोळे वाहू लागले.

"काय गं, मला मारायला निघाली होतीस?" बाजूच्या खाटेवरून मातेउ म्हणाला.

"तुला मारायला चांगली दारू कशाला वाया घालवू?"

तो हसायला गेला आणि पोट धरून कळवळला. मग म्हणाला, "दिसत नाही म्हणजे? कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं."

"आणि गप्प बसलीस! येत्या मे महिन्यात मी येतो बरोबर. बघायचं काम माझं, खुडायचं तुझं."

"तू? तुला वाकता तरी येतं का?"

"खडा काढल्यावर येईल की!"

बाहेर दुपारचं ऊन पडलं होतं. थांब्यावर बस येऊन उभी राहिली. कोलोमाने शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या दंडाला हात लावला.

"बाळा, ही कुठली बस गं? मला पाटी नीट दिसत नाही."