जिथं नारळ फुटायचा

“सून आन गाडी, गुंडू, आवाज करत न्हाईत तवर चांगल्या.”

माझ्या मडगार्डवर कोपर टेकून आप्पा हे बोलले आणि त्यांचा चुलतभाऊ गुंडू खो-खो हसला. हौद्याच्या पलीकडं नीलम धुणं वाळत घालत होती. घरातली नवी सून. तिच्या हातातला टॉवेल दोरीवर पडायच्या आधी जरा थांबला. मग तिनं तो झटकला, गरजेपेक्षा थोडा जोरात. पण बोलली काही नाही. आणि मी काय बोलणार? मी तर गाडीच.

मी पिकअप. निपाणीजवळच्या एका गावात, नागोजीआप्पांच्या दारात, शेवग्याखाली माझा मुक्काम. शोरूममधून आले तेव्हा इतकी पांढरी होते की आप्पांच्या बायकोनं, जयाबाईंनी, मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली. आप्पा तर कुणाला चपला घालून हौद्यात चढू देत नव्हते. आठवड्याभरात त्याच हौद्यात शेणखत भरलं. माणसांचं कौतुक किती टिकतं, ते मला तेव्हाच कळलं.

पण दिवस चांगले होते. तंबाखूचे बोद, म्हणजे गोणपाटात बांधलेले मोठे गठ्ठे, वाहिले. सगळ्या रस्ताभर आप्पा शिंकत आणि मी हिसके देत जात असू. कोल्हापूरच्या बाजारात भाजी नेली. कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यावर उभी राहून राहून दोन्ही राज्यांच्या पोलिसांच्या शिट्ट्या मला ओळखता यायला लागल्या.

आप्पांनी माझी पूजा कधी चुकवली नाही. दर अवसेला मला धुवायचं, हळद-कुंकू लावायचं आणि नारळ फोडायचा. बंपरखाली डाव्या बाजूला दोरखंड अडकवायचा हुक आहे, त्यावरच. नारळ पहिल्या दणक्यात फुटायचा. निम्मं पाणी मातीत, निम्मं चेसिसच्या, म्हणजे माझ्या सांगाड्याच्या, पोकळीत. वर लिंबू पिळायचं. तिथंच पुढच्या चाकाचा पाटा, म्हणजे स्प्रिंग, चेसिसला धरलेला असतो. माल भरला की पुढच्या चाकाचं सगळं ओझं त्या जागेवर येतं; ती तुटली की चाक गेलंच.

त्या पाण्यानं लोखंडाला गंज धरतो. पूर्वी त्यावर उपाय होता. पावसाळ्याआधी आप्पा गोणपाट अंथरून माझ्याखाली शिरत आणि जळकं ऑइल ब्रशनं सगळीकडं फासत. पुढं त्यांचे गुडघे गेले. मुलगा रविराज बेळगावला नोकरीला लागला. तो यायचा, पण माझ्याखाली शिरायचा नाही. मी दारात उभी आणि न्हाणीचं साबणाचं पाणी माझ्या डाव्या चाकाखालून वाहायचं. ऑइल थांबलं. नारळ थांबला नाही. त्यासाठी माझ्याखाली शिरावं लागत नव्हतं ना.

रविराजचं लग्न ठरलं तेव्हा माझी पुन्हा आठवण झाली. माहेराहून, गुंजीहून, नीलमचं सामान मीच आणलं. कपाट, भांडी आणि दोरीनं बांधलेली एक शिलाई मशीन. लग्नानंतर नवं जोडपं जोतिबाच्या डोंगरावर न्यायची ह्या घरात रीत आहे, आणि तेही एकटं नाही. सगळी भावकी हौद्यात घालून.

“एखादी गाडी सांगू या की आप्पा,” रविराज म्हणाला, “ही लई गंजलीया.”

“माझ्या दारात गाडी असताना भाड्याच्या गाडीतनं देवाला?” आप्पा कडाडले. “लोकं काय म्हनतील रं? गंजलीया तर रंगव की. शिकलायस न्हवं?”

मग सुट्टीच्या दिवशी अंगणात माझी डागडुजी सुरू झाली. रविराजनं ग्राइंडर मागून आणला, तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत माझा गंज घासायला लागला. ठिणग्या उडाल्या तशी जयाबाईंनी वाळवणाच्या कुरडया आत नेल्या. गुंडू खुर्ची टाकून सल्ले देत बसला. त्यानं आयुष्यात सायकलसुद्धा दुरुस्त केली नव्हती.

नीलम मदतीला होती. काचकागदानं घासायची, गंज रोखणारं रेड ऑक्साइड लावायची. लांबी कालवायचं काम तर तिचंच झालं. खड्डे भरायची ती करडी लांबी पत्र्याच्या तुकड्यावर घ्यायची, त्यात ती लवकर घट्ट करणारं हार्डनर घालायचं आणि वाळायच्या आत नवऱ्याच्या हातात द्यायची. तिचा अंदाज चुकत नसे.

“भाकरीचं पीठ मळल्यागत मळतीस की गं,” रविराज हसून म्हणाला.

“भाकरी तरी खाता येती,” ती म्हणाली. त्या दिवसातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.

हुकामागच्या पोकळीत रविराजचा हात जात नव्हता. तिचा गेला. काचकागद धरलेली बोटं आत सरकली, आणि मी जे इतकी वर्षं लपवून होते ते तिला सापडलं. आत पत्रा नव्हताच. पापडासारखे पापुद्रे होते. तिनं दचकून हात ओढला, चुड्यातली एक बांगडी फुटली, आणि हिरवा तुकडा माझ्या आत राहिला.

“बांगडी वाढवलीस व्हय?” जयाबाई ओरडल्या. “नवी नवरी तू, लोखंडात हात कशाला घालायचा!”

बांगडीची चर्चा बराच वेळ चालली. पत्र्याचं मात्र तिनं एकट्या नवऱ्यालाच सांगितलं. रविराजनं टॉर्च मारून बघितलं. त्याचा चेहरा उतरला. तो आप्पांकडं गेला.

“आप्पा, गंजानं चेसिस खाल्लीया आतनं. वेल्डिंगवाल्याकडं न्यायला पायजे. पंधरा दिवस तरी जातील.”

“आन रविवारी देवाला?”

“पुढच्या महिन्यात जाऊ.”

“समद्या भावकीला सांगून झालंय. आन दर अवसेला पूजल्याली गाडी हाय ती, तिला काय हुतंय? लांबी भर तिथं. कुठं अमेरिकेला जायचं हाय!”

रविराज बापाशी कधी वाद घालत नसे. त्यानं गोणपाटाचे बोळे आत कोंबले. लांबी नीलमनंच कालवून दिली. ह्या वेळी हार्डनर जरा जास्त पडलं.  वर काळा रंग बसला. मी खड्ड्यातून जाताना तिथं करकर वाजायची, तीही बंद झाली. आप्पा एक फेरी मारून आले आणि खूश झाले. आता आवाज करत नव्हते ना मी.

खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी अंगावरून हात फिरवला होता. वाटलं, जाऊन येऊ एकदा. डोंगर चढू, गुलालात न्हाऊ.

रविवारी सकाळी माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. हौद्यात सतरंजी आणि सतरंजीवर भावकी. म्हाताऱ्या, पोरं, जेवणाचे डबे. आप्पांनी हुकावर नारळ फोडला. पाणी नव्या रंगावरून ओघळलं. रविराज स्टेअरिंगला बसला, पण चावी फिरवेना. नीलमसाठी केबिनचं दार उघडं होतं आणि ती खाली उभी होती.

“बस की गं,” जयाबाई हौद्यातून म्हणाल्या. “देव वाट बघाय लागलाय.”

ती बसली नाही.

त्यानंतर जे झालं त्याचा शेवट असा, की भावकी दुसऱ्या गाडीनं देवाला गेली आणि आप्पा घरी राहिले. सगळे गेल्यावर ते दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्यापुढं खाली बसले. चावीच्या टोकानं लांबी खरवडली. ती सहज निघाली. बोट घातलं, ते आरपार गेलं. गोणपाटाबरोबर हिरव्या काचेचा तुकडा बाहेर आला. तो त्यांनी तळहातावर घेतला.

“मी तर तुला पूजत हुतो गं,” ते मला म्हणाले. एवढंच.

आता माझी चाकं काढलीत. खाली विटा लावल्यात. वेल्डिंगवाला येऊन बघून गेला आणि नाही म्हणून मान हलवून गेला. भंगारवाला अजून आलेला नाही, पण हौद्यात जयाबाईंनी सरपण रचायला घेतलंय, त्यावरून मी काय ते समजले. आप्पा मडगार्डवर टेकत नाहीत. सुनेशी कामापुरतं बोलतात, पण तिच्यादेखत गुंडूशी हसत नाहीत. रविराज माझ्याकडं बघायचं टाळतो. मला कुणाचाच राग नाही. डोंगर तेवढा राहिला.

तुमच्या दारात माझी एखादी बहीण उभी असेल तर हार, नारळ, सगळं करा. पण पावसाळ्याआधी एकदा तरी खाली वाकून बघा.

आणि निघण्यापूर्वी, त्या सकाळी ती काय बोलली ते सांगून जाते. डोईवरचा पदर सावरून, सगळ्या भावकीपुढं, मान वर करून ती सासऱ्यांना म्हणाली,

“मामा, पोरास्नी खाली उतरवा. आतनं पत्रा उरला न्हाई. लांबी मीच कालवून दिलीया. गाडी गप बसली, म्हणून मला बोलावं लागलं.”