गुलछडीचे डबे

हनीफभाईंचं नाक गेलं, हे अख्ख्या नांदेडात फक्त त्यांच्या बायकोला, फरीदाला ठाऊक होतं. नाक जागेवरच होतं म्हणा, चांगलं लांबलचक. गेला होता तो वास. हिवाळ्यातल्या तापानं नेला. आणि अत्तरवाल्याचा वास जाणं म्हणजे सोनाराची नजर जाणं. इतवाऱ्यातल्या दुकानात ते बाटल्यांच्या जागा ध्यानात ठेवून गिऱ्हाईक निभावत, पण असं किती दिवस चालणार? पावसाळा सरेपर्यंत वास आला नाही, तर दुकान पुतण्याला, मुज्तबाला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. त्याला तिथं मोबाइलची कव्हरं विकायची होती. हे ऐकल्यापासून फरीदाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ओळखीचा वास रोज हुंगत राहा, असं परगावचे डॉक्टर म्हणाले. उन्हाळ्यात फरीदानं लोह्याच्या ज्ञानोबा फूलवाल्याकडून गुलछडीचे कंद आणले आणि तेलाच्या डब्यांना बुडाशी भोकं पाडून गच्चीवर लावले.

"पाणी बेतानं घाला, भाभी," ज्ञानोबानं बजावलं होतं. "कंद म्हंजे शिदोरी बांधून आलेला पाहुणा. लई आग्रह केला की बिघडतो."

पण फरीदाचा हात आग्रहाचाच. जाता-येता तांब्या ओतायची.

भर पावसाळ्यात दांडे वर आले, पांढरी फुलं उमलली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला डब्यांपाशी खुर्चीत बसवलं.

"येऊन राहिला का वास?"

"हाव, आला ना! लई गोड."

फरीदाला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लताताईंकडे साखरपुडा होता. आनंदाच्या भरात हिनं सगळे दांडे कापून देऊन टाकले. दिवेलागणीला हनीफभाई गच्चीवर आले, डब्यांकडे न बघताच खुर्चीत टेकले, डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"आज तर लईच घमघमून राहिली तुझी गुलछडी."

फरीदानं डब्यांकडे पाहिलं. नुसती पाती. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस खोटं बोलतोय, हे कळून तिला भरून आलं, आणि वास काही परतला नव्हता, हेही उमगलं. तांब्या उचलून ती पात्यांना पाणी घालत राहिली.

पाऊस ओसरत आला तसा कोपऱ्यातला एक डबा पिवळा पडला. तिनं कंद उपसला, तर तो लिबलिबीत झालेला, आणि असा भपकारा आला की ओढणी नाकाला लागली. नवरा यायच्या आत टाकून द्यावा म्हणून ती उठली. मग आठवलं, त्यांना काय कळणार? कंद हातात घेऊन ती तशीच खाली बसली.

जिन्यात पावलं वाजली.

"शी! फरीदा, काय सडवून ठेवलंस?"

ती ताडकन उठली आणि कंद त्यांच्या नाकापुढं धरला.

"हटव ते!" हनीफभाई दोन पावलं मागं सरले. मग त्यांचं त्यांनाच कळलं. ते मटकन खुर्चीत बसले.

"गुलछडीचा न्हाई आला गं अजून," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशीबी न्हवता आला."

"ठाऊक हाय मला."

"आन् गप्प बसलीस?"

फरीदाच्या डोळ्यांना धार लागली होती आणि हसूही आवरत नव्हतं. अत्तरवाल्याच्या घरात घाण वासाचं एवढं कौतुक कधी झालं नसेल.

"आधी मुज्तबाला फोन लावा," ती म्हणाली. "म्हणावं, दुकान रिकामं न्हाई."