जवळचं दाखवणारी दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, लगेच समुद्राकडे पाहू नका! जहाजं न्याहाळते ती माझी थोरली बहीण. मी पेन्सिलीएवढी बारीक आणि माझं काम पोटाच्या आत. माझ्यातून उजेड आत जातो आणि आतलं सारं पडद्यावर दिसतं.

कारखान्यात माझ्यात इवली भिंगं बसवली, आणि मी मालवणला डॉक्टर विनीता यांच्याकडे आले. सुरुवातीला काय माझा तोरा! पुढे मोठ्या माणसांसाठी जाडजूड नवी दुर्बीण आली आणि माझी पेटी कपाटाच्या तळाशी गेली. वाईट वाटलं. पण लहानग्यांच्या पोटाला माझ्यासारखी बारीकच लागते. म्हटलं, येतील शोधत!

आलेच. धामापूरची सात वर्षांची रसिका शौचाला बसली की तिचं आंग, म्हणजे आतड्याचं शेवटचं टोक, बाहेर यायचं. आई हाताने ते आत सारायची. औषधं झाली, पालेभाज्या झाल्या, गुण येईना. लाजेपायी ती शाळा बुडवू लागली. पण शाळेची सहल होडीतून किल्ल्यावर जाणार होती आणि तिला जायचंच होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "दुर्बिणीतून ऑपरेशन करू."

रसिकाचे आजोबा हरिश्चंद्र जन्मभर बोटीवर होते. ते उसळलेच, "दुर्बिणीन लांबचा बघतत! माज्या नातीक लांबसून कापतल्यात?"

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी मला आजोबांच्या डोळ्याला लावलं. समोर त्यांचाच तळहात होता. त्यावरची भेग न् भेग आजोबांना दिसली. मग डॉक्टरांनी समजावलं, की पोटावर तीन बारीक छिद्रं पाडून घसरलेलं आतडं वर घ्यायचं आणि मागच्या हाडापाशी टाक्यांनी पक्कं करायचं.

"म्हंजे सुटलेली होडी खुंटाक बांधूची! मगे तसा आदीच सांगूचा मा!"

"आजो, मगे माका सहलीक जाऊक गावतला?" रसिकाने विचारलं.

"गावतला गो, नक्की मिळतला," आजोबा म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी मी बेंबीतून आत गेले. सैल आतडं दाखवलं, शेजारच्या नाजूक शिराही लख्ख दाखवल्या. मी अंधुक झाले असते तर टाका भलतीकडे पडला असता. पण आपलं काम चोख!

रसिकाचं आंग पुन्हा बाहेर आलं नाही. पावसाळ्यानंतर होड्या सुरू झाल्या. एका दुपारी आजोबा दवाखान्यात आले, गळ्यात समुद्रावरची दुर्बीण अडकवून.

"डाक्टरबाय, धक्क्यार उबो रवान बघलंय. रसिका किल्ल्याच्या तटार उबी रवान हात हलयत होती! माजी दुर्बीण लांबचा दाखयता, पण चेडवाक, माज्या नातीक, थंय पोचयला ह्या बारक्या दुर्बिणीन."

मला रडता येत असतं तर माझी भिंगं धूसर झाली असती.

मित्रांनो, मला हळुवार धुवा, ओरखडा पडू देऊ नका, एवढं मोठ्यांना सांगा. आणि वर्गात कुणी सारखं बाहेर जायला मागत असेल तर त्याला हसू नका. तुमचं काही बिनसलं तर लाजू नका. मी पोटातलं दाखवते. मनात लपवलेलं मला दिसत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल.