मांजराचा डोळा

"अहो, पण ती दाबते! मी माझ्या कानांनी ऐकलंय. टक्क असा आवाज येतो."

बाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली, जणू कोणी उठून जा म्हणायच्या आत आपणच उठायला बरं. समोर साहेब होते, आणि साहेबांच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून बटणताई काम करत होती.

"बाई, आवाज माउसचा," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "आवाज आला म्हणजे उत्तर आलं असं नसतं. मूल कुठेही दाबतं. आमचा नातू तर माउस सोडून टेबलच दाबतो."

"ही तशी नाहीये हो."

"सगळ्यांना आपलं मूल तसं नाही असंच वाटतं."

"माझं नाही ते. शाळेतलं आहे," बाई म्हणाल्या आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळायला लागल्या.

बटणताईचे हात थांबले. ती वळली नाही, पण कान मागे गेले.

लहान मुलांसाठी खेळ बनवून त्यांच्या सीड्या विकणारं ते एका जिन्यावरचं छोटंसं ऑफिस. चित्रं चित्रकार काढायचा, आवाज बाहेरून भरून यायचे, आणि दाबल्यावर काय होतं ते सगळं हिच्याकडे. म्हणून बटणताई. सासूबाई कौतुकानं शेजारी सांगायच्या, आमची सून बटणांच्या कामात आहे. ते ऐकून शेजारच्या काकू एकदा बटण तुटलेला शर्ट घेऊन आल्या होत्या. तिनं तोही निमूट शिवून दिला. एवढं समजावत बसण्यापेक्षा सुईत दोरा ओवणं सोपं.

बाईंची शाळा उशिरा बोलणाऱ्या, किंवा मुळीच न बोलणाऱ्या मुलांची. तिथे या ऑफिसनं बनवलेला एक खेळ चाचणीसाठी वापरायचे. पडद्यावर ओळीनं चार पत्ते, प्रत्येकावर एक प्राणी. आवाज विचारतो, मांजर कुठे आहे? मुलानं मांजराचा पत्ता दाबायचा. बरोबर आलं की पत्ता उडी मारतो आणि घंटी वाजते, चुकलं की नुसता हलतो, आणि काहीच दाबलं नाही तर थोडा वेळ वाट बघून खेळ पुढे सरकतो. शेवटी निकाल.

"आमची ठकी," बाई सांगत होत्या. "सहा वर्षांची आहे. तिच्या निकालात बरोबरही नाही, चूकही नाही. नुसतं उत्तर नाही, उत्तर नाही. असं आलं की मोठ्या बाई मुलाला आमच्याकडे ठेवत नाहीत. दूर एक शाळा आहे, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं. उद्या ठरवणार आहेत. आईला सोडून ती पोर एक रात्र कुठे राहिली नाहीये. आणि तिथे पोटात दुखलं तर सांगणार कशी, सांगा मला."

साहेबांनी मान हलवली, खरंच वाईट वाटून. मग म्हणाले, "बटणताई, बाईंना एकदा दाखवून टाका."

तिनं सीडी घातली. मांजर दाबलं, घंटी. कुत्रा, घंटी. घोडा, बदक, सगळे गुणी बाळासारखे उड्या मारत होते.

"बघा," साहेब म्हणाले.

बाईंनी बघितलं. उठल्या, "बरं," म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

बटणताई त्यांच्या मागे गेली. का गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं. घरी तिची स्वतःची तेवढीच पोर होती, दिवसभर प्रश्न विचारून जीव नकोसा करणारी. पण खरं सांगायचं तर पाय उचलला तो त्या आवाजानं. दाबलं, आणि दाबलं गेलं नाही. मग ते दाबणं गेलं कुठे?

"बाई, एक विचारू? आवाज एकदा येतो की दोनदा?"

"एकदाच. आमची शिस्तच आहे तशी. मुलं नाहीतर धपाधप दाबत सुटतात. म्हणून शिकवलंय, एकदाच दाबायचं आणि हात मांडीवर. ठकी तर इतकी गुणाची, हात ठेवला की उचलत नाही."

"आणि तेव्हा पडद्यावर काय होतं?"

"ते मला कसं दिसणार? मी संगणकाच्या पडद्याच्या मागे बसते. समोर बसलं की मुलं आमचे चेहरे वाचतात. चुकीच्या चित्राकडे बाण गेला की आमच्याच भुवया वर जातात ना!"

"म्हणजे पडदा कोणीच बघत नाही?"

बाई पायरीवर थांबल्या. "बघायचाच नसतो," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं.

"मी येऊन बघू? तिच्या पाठीमागे उभी राहीन. चेहरा दिसायचाच नाही."

शाळेतली ती खोली अरुंद होती. एक टेबल, एक संगणक, एक बंद खिडकी. दारात ठकीची आई उभी होती, ओढणीच्या टोकाला पीळ देत. ठकी खुर्चीवर बसली तेव्हा तिचे पाय जमिनीपासून चांगलेच वर राहिले.

"मांजर कुठे आहे?" खेळानं विचारलं.

ठकीनं माउस धरला, दोन्ही हातांनी. बाण हळूहळू सरकला. बदक ओलांडलं, घोडा ओलांडला, मांजरापाशी आला आणि थांबला. ती दाबेना. पोर कशाची वाट बघतेय?

मांजरानं डोळा मिचकावला. तो पुन्हा उघडल्याबरोबर ठकीनं बाण नेमका त्या डोळ्यावर ठेवला.

टक्क.

काहीच झालं नाही. पत्ता उडाला नाही, घंटी वाजली नाही. ठकीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मांजराकडे बघत राहिली. मांजरानं पुन्हा डोळा मिचकावला. वेळ संपली, चित्रं बदलली.

"कुत्रा कुठे आहे?"

पुन्हा तेच. सावकाश बाण, मग वाट, मग डोळा. टक्क. हात मांडीवर. घोड्याचं तसंच, बदकाचं तसंच. एकही प्राणी चुकला नाही, आणि एकाही प्राण्यानं तिला ओ दिली नाही. पडद्यामागे बसलेल्या बाईंना फक्त टक्क ऐकू येत होतं.

खेळ संपला. "उत्तर नाही" अशी ओळ खालपर्यंत आली. बटणताई वाकून म्हणाली, "बाई, हिला सगळं येतंय हो."

"मग?"

"मग चूक माझ्याकडे आहे. कुठे ते शोधते."

दारातल्या आईनं पिळलेली ओढणी सोडली, आणि मग पुन्हा धरली.

ऑफिसात परत आल्या आल्या तिनं चित्रकाराला गाठलं.

"डोळे तुम्ही वेगळे काढलेत का?"

"मग काय! मिचकावतात ते. अख्खा पत्ता मिचकावेल का? डोळा हा माझा स्वतंत्र कलाकार आहे."

"मला सांगितलं नाही ते?"

"तुला दिसलं नाही? अगं, सगळ्या जगाला पहिल्यांदा डोळेच दिसतात. तुला काय दिसतं, बटण?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. इतके दिवस तिनं प्राण्यांच्या पोटावर दाबून बघितलं होतं. पोट मोठं, पोटावर दाबणं सोयीचं. इतर मुलंही येईल तिथे दाबत. डोळा शोधून, तो उघडायची वाट बघून दाबणारं माणूस तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं स्वतःच लिहिलेला प्रोग्राम उघडला. चारही पत्ते तिनं एका रांगेत भरले होते, ज्याला ॲरे म्हणतात. प्रत्येक पत्त्याला एक कान लावला होता. दाबलं की तो कान ऐकायचा, आणि मग ॲक्शनस्क्रिप्टला, म्हणजे खेळ लिहायच्या भाषेला, विचारायचं, हा रांगेतला कितवा? शून्य, एक, दोन की तीन? प्रश्न साधा होता. पण "हा" म्हणजे कोण, ते सांगण्याच्या तिथे दोन तऱ्हा होत्या. एक टार्गेट, म्हणजे ज्याला प्रत्यक्ष धक्का लागला तो. दुसरी करंट-टार्गेट, म्हणजे ज्याच्या कानानं ते ऐकलं तो. पोटावर दाबलं की दोन्ही एकच, तो पत्ता. डोळ्यावर दाबलं की धक्का डोळ्याला लागतो आणि ऐकतो पत्ता. आईच्या कडेवरच्या बाळाच्या गालाला हात लावला तर वळून बघते आई, तसं.

आणि तिनं लिहिलं होतं टार्गेट. म्हणजे ठकीनं मांजराच्या डोळ्यावर दाबलं की खेळ रांगेत जाऊन डोळा शोधायचा. रांगेत पत्ते होते, डोळा कुठला असायला? उत्तर यायचं, उणे एक. त्या भाषेत उणे एक म्हणजे, या नावाचं आमच्याकडे कोणी नाही.

एकच शब्द बदलायचा होता. बदलून झाला. डोळ्यावर दाबलं, घंटी वाजली.

मग तिला ठकीची आधीची उत्तरं शोधावीशी वाटली, सगळ्या चाचण्यांमधली. मोठ्या बाईंना दाखवायला. ती शाळेच्या संगणकावरही नसणार. उणे एक आलं तर साठवायचं नाही, उगाच कचरा नको, असंही तिनंच लिहिलं होतं. ती ओळ तिनं दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचवेना.

साहेबांनी ऐकून घेतलं. "छान. उद्या देऊन या. पण चूक वगैरे म्हणू नका हं. सुधारित आवृत्ती म्हणा."

"ठकीला सुधारित म्हणायचं का बिघडलेली, ते उद्या ठरणार आहे साहेब."

"तुम्ही ना, फार मनाला लावून घेता," साहेब म्हणाले. पण सीडीचं नवं पाकीट त्यांनी स्वतः कपाटातून काढून दिलं.

सकाळी मोठ्या बाई खोलीत हजर होत्या, ठकीच्या जागेमागे खुर्ची घेऊन. उंच, चष्म्याच्या आड थकलेल्या. बटणताईनं सरळ सांगितलं, "चूक माझी होती. ती बरोबर दाबत होती, माझ्या खेळाला ते ओळखता येत नव्हतं."

मोठ्या बाईंनी ऐकलं. "तुम्ही म्हणता म्हणून मला निकाल लिहिता येत नाही. मला तिचं उत्तर पाहिजे."

"मिळेल की," बाई घाईनं म्हणाल्या आणि शिस्तीप्रमाणे पडद्यामागे जाऊन बसल्या. बटणताईनं नवी सीडी घातली.

"मांजर कुठे आहे?"

ठकीनं माउसला हात लावला नाही.

वेळ संपली. कुत्र्याचा प्रश्न आला, गेला. घोड्याचा आला. ठकीचे हात मांडीवरच. काल एवढी दाबत होती, आणि आज?

"ठकू," दारातून आई हलकेच म्हणाली. "दाब ना गं राणी."

"आई, मध्ये बोलू नका," मोठ्या बाई म्हणाल्या. रागानं नाही. मग थोडं थांबून त्यांनीच विचारलं, "घरी अशी करते का?"

"नाही हो. घरी बोट दाखवून सगळं मागते." आई अडखळली. "पण दाखवलेलं कोणी दिलं नाही ना, की मग ती मागायचीच बंद होते. गेल्या महिन्यात माझ्या आजारपणात असंच झालं. चार दिवस पाणीसुद्धा मागितलं नाही."

बटणताईला वाटलं, पुढे व्हावं आणि त्या इवल्या हातावर हात ठेवून दाबून दाखवावं, बघ, वाजते की नाही! पण मग ते उत्तर ठकीचं राहिलं नसतं. तिनं स्वतःचे हात पाठीमागे बांधले.

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग हात लांब करून त्यांनी स्वतः खेळ पहिल्यापासून लावला.

"मांजर कुठे आहे?"

मांजरानं डोळा मिचकावला. ठकी बघत होती. पुन्हा मिचकावला. तिचा एक हात मांडीवरून उठला, हवेत राहिला आणि माउसवर उतरला. बाण निघाला. बदकाच्या चोचीपाशी रेंगाळला, घोड्याच्या आयाळीतून गेला. डोळा मिटला. उघडला.

टक्क.

मांजरानं उडी मारली आणि घंटी वाजली.

ठकी एवढी दचकली की खुर्ची मागे सरकली. ती पडद्याकडे बघत राहिली. मग घसरून खाली उतरली, टेबलाला वळसा घालून पडद्याच्या मागे गेली. आपल्याला ओ दिली ती कोणी, ते बघायला. तिथे वायरी होत्या, धूळ होती, आणि स्टुलावर बाई बसल्या होत्या, तोंडावर हात धरून.

ठकीनं त्यांचा तो हात खाली ओढला. बोट धरलं आणि त्यांना उठवून पुढे घेऊन आली. आपल्या खुर्चीवर चढून बसली, बाईंना शेजारी उभं केलं आणि पुन्हा माउस धरला.

समोर बसून चेहरा दाखवायचा नाही, ही शाळेची शिस्त होती. बाईंनी मोठ्या बाईंकडे बघितलं.

"कुत्रा कुठे आहे?" खेळानं विचारलं.

मोठ्या बाई उठल्या, आणि त्यांनी आपली खुर्ची बाईंसाठी ठकीच्या शेजारी सरकवली.