भाजणी सकाळचीच

मित्रांनो, मी एक जुनी घरघंटी आहे. जुनी म्हणून माझी कीव करायला येऊ नका हं! दहिसरच्या आमच्या चाळीत माझी घरघर ऐकली की लोक म्हणतात, "प्रेमाने वड्यांची भाजणी दळायला घेतली वाटतं."

गुजरातेतल्या एका कारखान्यात मी घडले. प्रेमाने मला घरी आणलं तेव्हा हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. केवढा मान वाटला म्हणून सांगू! तांदूळ, उडीद, धणे, मेथी ती लोखंडी कढईत वेगवेगळं भाजायची आणि माझ्या तोंडात ओतायची. मीही मन लावून दळायचे. बोरिवलीच्या शुभाताई हे पीठ आपल्या दुकानात विकायच्या. प्रेमाचं घर त्यावरच चालायचं.

माझी मोटर फार तापली की मी आपोआप बंद पडते. तेव्हा प्रेमा म्हणते, "थांब गो बाय, गार हो." मला कुणी आळशी म्हणत नाही. पण प्रेमाचं स्वतःचं काय? दुपारी तिच्या अंगातलं त्राणच जायचं, तरी डोळे ताणून ती कढईपुढे उभी. शुभाताईंना संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी ताजं पीठ लागायचं ना!

गौरीपूजनाच्या आदल्या दुपारी मात्र वाट लागली. प्रेमाला उभ्याउभ्याच डुलकी लागली आणि उडीद करपले. ती इतकी शिणलेली की तिला वाससुद्धा आला नाही. तिने ओतले, मी दळले. गौरीच्या नैवेद्याचे वडे घरोघरी कडू झाले! शुभाताई फोनवर कडाडल्या, "पुन्हा असं झालं तर मी दुसरीकडे बघेन."

प्रेमा माझ्याशेजारी बसून रडली. तिची लेक गंधाली म्हणाली, "आई, ही तापली की तू तिला हातसुद्धा लावत नाहीस. मग तुझं काय गं? सकाळी तू वाघीण असतेस. तेव्हाच भाज ना!"

प्रेमाने ते मनावर घेतलं. भाजायला नजर आणि नाक लागतं, म्हणून ते सकाळी. दुपारी चक्क झोप. पाकिटं भरायला डोकं लागत नाही, ती संध्याकाळी. शुभाताईंना तिने सरळ सांगितलं, "माका दुपारचा जमाचा नाय. सकाळी दळलेला न्या, नायतर रवांदे."

"मग राहूच दे," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

"हातचं काम घालवलंस गं," शेजारची चंपा म्हणाली. प्रेमा घाबरली होती, पण दुपारी आडवी व्हायचीच. सकाळी थोडं थोडं भाजून ती चाळीतल्या लोकांना देऊ लागली. त्या पिठाचे वडे असे टम्म फुगले की पलीकडच्या गल्लीतूनही बायका डबे घेऊन येऊ लागल्या.

तिकडे शुभाताईंची गिऱ्हाइकं दुसऱ्या पिठाला नाकं मुरडत होती. शेवटी एका दुपारी त्या स्वतःच जिना चढून आल्या.

"आई झोपलीये," गंधाली दारातच म्हणाली. "उठवू का?"

"नको गं. झोपू दे तिला. मी बसते इथेच."

आणि खरंच, पिशवी मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसून राहिल्या. प्रेमा जागी झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून सकाळीच माणूस पाठवते."

मित्रांनो, मी पोतीच्या पोती दळली, पण त्या दुपारइतकी माझी मान कधी ताठ झाली नव्हती. तुमच्याही घरात कुणीतरी रोज एखाद्या वेळी थकून जात असेल. ती वेळ ओळखा. त्यांचा डोळा लागला असेल, तर आवाज न करता दार लोटून घ्या.