सरूबाईचा पोळा

सरूबाई जन्मली ती नेमकी पोळ्याच्या दिवशी, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. पोळ्याला बाईमाणसाच्या वाढदिवसाकडं कोण बघतंय? लाड सगळे बैलांचे. आदल्या सांजेला खांदेमळणी. वर्षभर जू ओढून दुखावलेले बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे आणि कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुढ्यात पुरणपोळी. कामाला हात लावायचा नाही. आणि पुरण कुणी वाटायचं? सरूबाईनं! नवरा कारभारी तसा वाईट नाही हो. कधी बोट लावलं नाही, कधी वाकडं बोलला नाही. पण इतकी वर्षं संसार झाला, पोळ्याच्या दिवशी बायको त्याला कधी दिसलीच नाही.

यंदा गोठा रिकामा होता. कारभाऱ्याचे गुडघे धरले, नांगरट ट्रॅक्टरवर गेली, आणि उन्हाळ्यात हौश्या-पाखऱ्याची जोडी कन्नडच्या बाजारातून दुसऱ्याच्या दावणीला गेली. तेव्हापासून कारभारी गप्पगप्पच. लेक शिवकन्या चिकलठाण्याला कंपनीत नोकरीला होती. तिनं मनाशी ठरवलं, पोळ्याला आप्पांनी रिकामा गोठा बघायचा नाही आणि मायची साठी थाटात करायची. पोरीनं तिकिटं काढली ती थेट अंदमानातल्या एका बेटाची.

"अगं, पण तिथं जाऊन करायचं काय?" सरूबाईनं विचारलं.

"काही नाही करायचं माय. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला इतक्या लांब?"

"घरी बसलीस का कधी?"

"कप्पाळ माझं!" म्हणत सरूबाई वरवर कुरकुरली. पण मनातून हरखली. समुद्राचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. या बैलवेड्या माणसानं एक दिवस, फक्त एक दिवस आपल्याकडं बघावं, एवढीच तिची आस होती. आता बैलच नाहीत म्हटल्यावर बघणार नाही तर जाणार कुठं?

बेट मात्र झकास होतं. नारळीची झाडं, पिठासारखी पांढरी वाळू, मोरपंखी पाणी, अधूनमधून पावसाची सर येऊन परत लख्ख ऊन. सरूबाईला सवय का सुटते? पहाटे उठून तिनं चादरींच्या घड्या घातल्या, ओसरी झाडली, मग झाडणारी बाई आली तर तिच्याशीच चहा पीत बसली. आणि कारभारी? समुद्राकडं पाठ करून खुर्चीत बसलेला.

"हौश्याच्या नव्या मालकानं त्याला गवत तरी टाकलं आसंल का?" तो म्हणाला.

सरूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "टाकलं आसंल! तुमच्याशिवाय काय उपाशी मरतोय व्हय तो?"

शिवकन्या पाण्यात जाऊन हाका मारत होती. "ये ना माय!" सरूबाईचे पाय शिवशिवत होते, पण एवढ्या पाण्याची भीतीही वाटत होती. धरायला हात पाहिजे होता, आणि तो हात खुर्चीत बसून बैलांची काळजी करत होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारनंतर कारभारी खोलीतून गायब. शिवकन्या शोधून आली आणि हसत म्हणाली, "आप्पा पलीकडं शेतात गेलेत. तिथं कुणाची तरी बैलजोडी आहे म्हणं."

झालं! सरूबाई वाळूत मटकन बसली. समुद्र ओलांडून आणला तरी गडी दावणीलाच! तिला रडू फुटलं. आपल्या नशिबात पोळा आहे, वाढदिवस नाही, असं तिला अगदी वाटून गेलं.

सांजेला तो लंगडत आला. हातात वाटी, वाटीत हळद आणि तूप.

"जा की," सरूबाई तोंड फिरवून म्हणाली. "मळा जाऊन त्या लोकांच्या बैलांचे खांदे."

"त्यांच्याच घरनं आणलंय," कारभारी म्हणाला. "म्हटलं, भाई, जरा हल्दी-घी देव. लगेच दिलं बिचाऱ्यानं. मळाया गेलो. बैलाच्या खांद्याला हात लागला, घट्टा पडलेला. आन् मला एकदम तुझा खांदा आठवला. फवारणीच्या पंपाचा पट्टा वाहून तुझ्याबी खांद्याला तसाच घट्टा हाय, नव्हं? कधी इचारलंबी नाय मी." तो तिच्या मागं वाळूत बसला. "पदर सरकव जरा."

"अहो, लेक बघती की!"

"बघू दे."

त्याचा खरबरीत हात हळद-तूप घेऊन तिच्या खांद्यावर फिरायला लागला. हळू, जोर न लावता, तो आजवर फक्त मुक्या जनावरावर फिरवायचा तसा. सरूबाईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तिला ते पुसायचंही सुचत नव्हतं. मग तो तिच्या कानाशी वाकला.

"आज आवतण घ्या," तो म्हणाला, "उद्या जेवायला या."

"मला बैल केलंत व्हय?" सरूबाई रडता रडता हसली.

"लई उशीर केला," कारभारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरूबाईचा हात सवयीनं झाडूकडं गेला. कारभाऱ्यानं तो काढून कोपऱ्यात ठेवला. "आज पोळा हाय. कामाला हात लावायचा नाय." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तो तिला हाताला धरून पाण्यापर्यंत घेऊन गेला. लाट घोट्याला लागली तशी सरूबाई किंचाळली, पण त्यानं हात सोडला नाही. मागं शिवकन्या टाळ्या वाजवत होती. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, आणि कारभाऱ्यानं ओंजळीनं पाणी घेऊन तिच्या खांद्यावरची हळद धुवायला सुरुवात केली.

"काय वो," सरूबाई म्हणाली, "अंघोळ झाली, आता जेवायलाबी घाला. शिंगं तेवढी रंगवू नका म्हंजे झालं!"

कारभारी खो खो हसला. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच हसत होता तो, आणि बघत होता सरूबाईकडं.